वाक्यातली चूक कानाला खटकतच नाही, एमबीए सीईटीच्या व्हर्बलसाठी काय करू?

टॉवेल_ऑफिस (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये ऑफिसला आहे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बायरचे मेल हे सगळं माझ्याच टेबलावर. बी.कॉम. इथंच झालं. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी. म्हणजे इंग्रजीचा नंबर माझ्याकडे पाचवा लागतो. यंदा एमबीए सीईटी द्यायची आहे, जमलं तर स्नॅपपण (सिम्बायोसिसची एमबीए प्रवेश परीक्षा).

लॉजिकल आणि गणिताचं टेन्शन नाही. गाडी अडते ती वाक्य सुधारायच्या प्रश्नांवर. सोबतची मैत्रीण म्हणते, मनातल्या मनात वाच, जिथं कानाला खटकेल तिथं चूक. आता माझ्या कानाला काहीच खटकत नाही वो, काय करू? सरावातली पाच वाक्यं देते. इंग्रजी कीबोर्ड काढत बसत नाही, देवनागरीतच लिहिते, आणि गावांची नावं आपल्याकडची घातली आहेत. पाचही चूक आहेत म्हणे.

१. "द क्वालिटी ऑफ द टॉवेल्स एक्सपोर्टेड फ्रॉम सोलापूर हॅव इम्प्रूव्ड."
२. "वॉकिंग टुवर्ड्स सात रस्ता, द रेन स्टार्टेड."
३. "शी इज वन ऑफ द वीव्हर्स हू वर्क्स ॲट नाइट."
४. "द समर इन सोलापूर इज हार्शर दॅन पुणे."
५. "ऑलदो द ऑर्डर वॉज लेट, बट द बायर ॲक्सेप्टेड इट."

पाचव्यासारखी वाक्यं तर आमचे साहेब रोज पाठवतात आणि तिकडून ऑर्डर येते!

अजून एक. मामाच्या मुलानं त्याचं जुनं जीमॅटचं (एमबीए प्रवेशाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचं) पुस्तक दिलंय. त्यात सेन्टेन्स करेक्शनचा, म्हणजे वाक्य सुधारायचा, जाडजूड भाग आहे. सीईटीसाठी त्यात वेळ घालवू का? मी इथं सगळ्यांत लहान असेन, तू म्हटलेलं चालेल.

हुतात्मा_पकडली

मीपण सोलापूरचा, आता पुण्यात. सीईटी देऊनच इकडं आलो. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. त्यातले ५० व्हर्बल, म्हणजे इंग्रजीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटच्या मिनिटाला डोळे झाकून टिक केलं तरी चालतंय. बाकी रोज इंग्रजी पेपरचं संपादकीय वाच, कान आपोआप तयार होतो.

जुळे_सोलापूर_व्हर्बल

हुतात्मा, कोरं सोडू नको हे अगदी खरं. कानाचं मात्र मला पटत नाही. मी संध्याकाळी घरी व्हर्बलच्या बॅच घेते, आणि या एका सल्ल्यानं मुलांचे मार्क गेलेले पाहत आले आहे. संपादकीय वाचून कान तयार होतो, पण त्याला वर्षं लागतात आणि परीक्षा काही महिन्यांवर आहे. त्यातून पेपर काढणारा वाक्य रचतानाच ते कानाला गोड लागेल याची काळजी घेतो. तुझ्या पाचही वाक्यांत तेच केलंय.

मग करायचं काय? आपण मराठीत विचार करतो ना, तर मराठी कुठं दगा देते आणि कुठं मदत करते, एवढं ओळखायचं. दगा देते तिथं थांबून तपासायचं. मदत करते तिथं सरळ तिचं ऐकायचं.

सर्वांत मोठा दगा दुसऱ्या वाक्यात आहे, म्हणून आधी तेच घेते. "सात रस्त्याकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला." मराठीत यात काय वावगं आहे? काहीच नाही. चालणारा कोण हे "जाताना" सांगत नाही, आपणही विचारत नाही. "रस्त्यानं जाताना देऊळ दिसलं", "कपाट आवरताना जुना फोटो सापडला", रोज बोलतो आपण असं. दिसणं, सापडणं, आठवणं यांत माणूस "मला" होऊन बाजूला उभा राहतो, कधी कधी तर येतच नाही. इंग्रजीला हे चालत नाही. तिथं "वॉकिंग"नं वाक्य सुरू झालं, की स्वल्पविराम संपल्यावर पहिलं नाम त्या चालणाऱ्याचंच हवं. तुझ्या वाक्यात तिथं पाऊस आहे. म्हणजे पाऊस सात रस्त्याकडे चालत निघाला!

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक तर स्वल्पविरामानंतर माणूस आणायचा: "वॉकिंग टुवर्ड्स सात रस्ता, आय गॉट कॉट इन द रेन." नाहीतर सुरुवातीचा तुकडाच मोडून त्याला स्वतःचा कर्ता द्यायचा: "ॲज आय वॉज वॉकिंग टुवर्ड्स सात रस्ता, द रेन स्टार्टेड." दुसऱ्या प्रकारात पाऊस जागेवर राहिला तरी हरकत नाही, कारण चालणारा "आय" आता स्पष्ट आहे.

हे फक्त "इंग"लाच लागू आहे असं नाही. माझ्या बॅचमध्ये मी हे वाक्य देते: "सराउंडेड बाय वॉटर, डिव्होटीज व्हिजिट द सिद्धेश्वर टेम्पल." मुलं मान डोलावतात. मग विचारते, पाण्यानं वेढलेलं कोण? तळ्याच्या मधोमध देऊळ आहे की भक्त गळ्यापर्यंत उभे आहेत? हवं ते "सराउंडेड बाय वॉटर, द सिद्धेश्वर टेम्पल..." आणि षष्ठीचा सापळा तर सगळ्यांत बेरकी. "वॉकिंग टुवर्ड्स सात रस्ता, माय अम्ब्रेला ब्रोक." इथं "माय" आहे म्हणून आपल्याला वाटतं माणूस आला. आलेला नाही, छत्रीच आलीय.

पाऊण मिनिटात याचा फायदा असा. वाक्याच्या सुरुवातीला असा तुकडा दिसला, की पर्याय पूर्ण वाचायचेच नाहीत. प्रत्येक पर्यायात स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम तेवढं बघायचं. बऱ्याचदा तिथंच दोन पर्याय गळतात.

पाचवं वाक्य. "जरी ऑर्डर उशिरा गेली तरी बायरनं घेतली." मराठीत "जरी" आलं की "तरी" लागतं, जोडी पूर्ण झाल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. म्हणून "ऑलदो"मागे "बट" आपोआप येतं. इंग्रजीत दोघांपैकी एकच. "ॲज"नंतर "सो" आणि "बिकॉज"नंतर "देअरफोर" हेही याच घरातले. इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या मात्र मोडायच्या नाहीत: "नो सूनर"ला "दॅन", "हार्डली"ला "व्हेन", "नॉट ओन्ली"ला "बट ऑल्सो". एवढ्या पाठ करून टाक, यात समजण्यासारखं फार नाही.

चौथं. "सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक" हे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजी परीक्षेत उन्हाळ्याची तुलना शहराशी झाली की वाक्य चूक. "दॅन दॅट इन पुणे" किंवा नुसतं "दॅन इन पुणे". अनेकवचन असेल तर "दॅट"च्या जागी "दोज". "दॅन", "लाइक", "अनलाइक", "कम्पेअर्ड विथ" यांपैकी काही दिसलं, की दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे का बघ. "अनलाइक पुणे, द पीपल ऑफ सोलापूर..." इथंही एकीकडे शहर आणि दुसरीकडे माणसं आहेत, म्हणून चूक.

पहिलं वाक्य सोपं आहे, तरी चुकतात. "क्वालिटी" एक, म्हणून "हॅज". मध्ये "टॉवेल्स" आल्यानं मन तिकडं ओढलं जातं. इंग्रजांचंही जातं, पण आपली अडचण जास्त आहे. "तिनं टॉवेल विणला", "तिनं चादर विणली", "तिनं टॉवेल विणले." विणणारी तीच, पण आपलं क्रियापद कर्माच्या मागे गेलं. कर्ता शोधून त्याच्याशी क्रियापद जुळवायची सवयच आपल्या असल्या भूतकाळाला नाही. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून "ऑफ", "फ्रॉम", "इन", "विथ", "ॲलाँग विथ", "ॲज वेल ॲज" यांनी सुरू होणारा तुकडा पेन्सिलीनं खोडायचा, कॉम्प्युटरवर मनातल्या मनात. "द क्वालिटी... हॅज इम्प्रूव्ड." झालं.

दोन अपवाद. "नायदर-नॉर" आणि "आयदर-ऑर" असेल तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघायचा. आणि गड्ड्याच्या यात्रेवरून हे लक्षात ठेव: "अ नंबर ऑफ स्टॉल्स आर ओपन", पण "द नंबर ऑफ स्टॉल्स हॅज इन्क्रीज्ड". पहिल्यात पुष्कळ स्टॉल, दुसऱ्यात स्टॉलांचा आकडा, आणि आकडा एकच असतो.

आता तिसरं. इथं मराठी तुला वाचवते. वाक्य "जे-ते" लावून मराठीत म्हणून बघ: "जे विणकर रात्री काम करतात, त्यांच्यापैकी ती एक." काम "करतात". मग इंग्रजीतही "हू वर्क". मराठीत हे वाक्य एकवचनानं करायला गेलीस तर जीभच अडखळेल.

मराठी अशीच मदत आणखी एका ठिकाणी करते, आणि तो प्रश्न मुलं हमखास घालवतात. "द बायर डिमांडेड दॅट द फॅक्टरी सेंड्स द सॅम्पल्स." कान म्हणतो बरोबर, "फॅक्टरी" एकवचन, "सेंड्स". पण मराठीत कसं म्हणशील? "कारखान्यानं नमुने पाठवावेत अशी मागणी केली." अशी मागणी, अशी सूचना, अशी शिफारस यांच्या आधी मराठीत जिथं "पाठवावा, पाठवावी, पाठवावेत" येतं, तिथं इंग्रजीत मूळ क्रियापद येतं, "एस" नाही आणि "ईडी"पण नाही. "दॅट द फॅक्टरी सेंड द सॅम्पल्स." कानाला हे चूक वाटतं, तरी उत्तर हेच.

जीमॅटच्या पुस्तकाचं सांगते. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, तिच्यात सेन्टेन्स करेक्शन ठेवलंच नाही. जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. म्हणजे तुझ्या भावाचं पुस्तक जीमॅटसाठी निम्मं निकामी आहे, पण तुझ्यासाठी नाही. फक्त तिथली वाक्यं लांबलचक असतात, चार-चार ओळींची, आणि पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं. सीईटीला एवढं खोल पाणी नसतं. मॉडिफायर (सुरुवातीचे ते तुकडे), तुलना, पॅरललिझम (यादीतल्या गोष्टी एका साच्यात) आणि कर्ता-क्रियापद एवढे भाग सोडव. वाक्प्रचारांच्या याद्या सोड. आणि तिथं एका प्रश्नाला जवळपास पावणेदोन मिनिटं मिळायची, तुला पाऊणच आहेत. त्यामुळं घड्याळ लावून सराव त्या पुस्तकावर नको, सीईटीच्या जुन्या प्रश्नांवर कर.

टॉवेल_ऑफिस

बाप रे, मॅडम, एवढं सविस्तर! पाऊस चालत निघाला हे वाचून ऑफिसात एकटीच हसले. दोन शंका. "वन ऑफ द वीव्हर्स"मध्ये "वन" आहे, कर्ता एक आहे, मग क्रियापद एकवचनीच हवं ना? आणि ज्या प्रश्नात "नो एरर" असा पर्याय असतो, तिथं मी तो कधीच टिक करत नाही, काहीतरी चूक असणारच असं वाटत राहतं.

जुळे_सोलापूर_व्हर्बल

त्या वाक्यात क्रियापदं दोन आहेत. "शी इज वन" इथलं "इज" एकवचनीच आहे, ते कोणी हलवलं नाही. "वर्क" हे "हू"चं आहे, आणि "हू" म्हणजे विणकर. "हू", "विच", "दॅट" दिसलं की त्याच्या मागे बोट ठेव, ते कुणाबद्दल बोलतंय ते बघ. पण "द ओन्ली वन ऑफ द वीव्हर्स हू वर्क्स" असेल तर एकवचन. पुन्हा मराठीत: "विणकरांपैकी रात्री काम करणारी ती एकटीच."

"नो एरर"चं म्हणशील तर ती भीती सगळ्यांनाच असते. माझ्या मुलांना मी एक क्रम लावून दिलाय. क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग सुरुवातीचा तुकडा, मग तुलना, मग यादीतल्या गोष्टी एका साच्यात आहेत का, मग "इट" आणि "दे" नेमकं कुणाला म्हटलंय. एवढ्यातून वाक्य पास झालं की "नो एरर" टिक करून पुढं जायचं, मागं वळून बघायचं नाही. वाक्याच्या शेवटी "विथ" किंवा "फॉर" आलं म्हणून ते चूक होत नाही. "ॲन्ड"नं वाक्य सुरू झालं तरी होत नाही. शाळेत आपल्याला हे निषिद्ध म्हणून शिकवलेलं असतं, आणि मुलं तिथंच चूक दाखवून मोकळी होतात.

निवृत्त_मास्तर

मॅडम, विवेचन आवडले. एक दुरुस्ती सुचवतो. "वन ऑफ दोज हू" नंतर एकवचन लिहिणारे चांगले इंग्रज लेखकही आहेत, आणि तिकडचे कोशकारही ते सरसकट चूक मानत नाहीत. मुलीला ते अगदीच अशुद्ध म्हणून सांगू नये. दुसरे, आर्टिकलबद्दल आपण काहीच लिहिले नाही. मराठीत "अ" आणि "द" नाहीत, आपल्या मुलांचे निम्मे गुण तिथेच जातात, असा माझा वर्गातला अनुभव.

जुळे_सोलापूर_व्हर्बल

सर, मान्य. लिहिण्या-बोलण्यात दोन्ही चालतं. पण पर्यायांत "वर्क" आणि "वर्क्स" दोन्ही आले तर परीक्षेला पहिलंच हवं असतं, म्हणून तिला तेच सांगते. तिला मार्क हवे आहेत.

आर्टिकलबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लिहिताना आपण तिथं सर्वांत जास्त चुकतो, हे तुमचं खरं. पण या परीक्षेत नुसतं आर्टिकल क्वचित विचारतात, आणि विचारलंच तर सोप्या जागी: "ॲन अवर", "अ युनिव्हर्सिटी", "द बेस्ट". उच्चार स्वराचा आहे की व्यंजनाचा ते बघायचं, स्पेलिंग बघायचं नाही. त्यापेक्षा "सिन्स टू इयर्स"वर जास्त मार्क जातात. "दोन वर्षांपासून" म्हणायची सवय आपल्याला, म्हणून "सिन्स". कालावधीला "फॉर", सुरुवातीच्या क्षणाला "सिन्स". "डिस्कस अबाउट", "डिस्पाइट ऑफ", "रिटर्न बॅक" हेही तसेच, जास्तीचा शब्द खोडायचा.

टॉवेल_ऑफिस

आज कामातलंच एक वाक्य पकडलं, बघा बरोबर आहे का. "आफ्टर चेकिंग द कार्टन्स, द लेबल्स वेअर पेस्टेड." लेबलांनी कार्टन तपासले असा अर्थ होतोय ना? मी "आफ्टर चेकिंग द कार्टन्स, वी पेस्टेड द लेबल्स" केलं.

जुळे_सोलापूर_व्हर्बल

बरोबर. आणि बघ, चूक "वेअर पेस्टेड"मध्ये दडली होती. कर्मणी प्रयोग आला की करणारा वाक्यातून गायब होतो, मग सुरुवातीचा तुकडा लोंबकळतो. सुरुवातीला "आफ्टर", "बिफोर", "व्हाइल" आणि पुढं "वॉज" किंवा "वेअर" दिसलं, की तिथं जरा जास्त थांब.

टॉवेल_ऑफिस

थांबते. स्नॅपला निगेटिव्ह आहे ना, तिथंपण सगळे टिक करायचे का?

हुतात्मा_पकडली

स्नॅप ६० प्रश्न, ६० मिनिटं. इंग्रजीचे १५. चुकलं की पाव मार्क जातो.

जुळे_सोलापूर_व्हर्बल

दोन पर्याय कारणासकट खोडता आले, तर उरलेल्या दोघांपैकी एक बिनधास्त टिक कर, पाव मार्काला घाबरू नकोस. एकही खोडता आला नाही तर त्यावर वेळ घालवू नकोस, पुढच्या प्रश्नावर जा. इंग्रजीच्या पंधराही प्रश्नांत वाक्य-दुरुस्तीच येईल असं धरून बसू नकोस, शब्दार्थ आणि उताराही असतो. गड्ड्याची गर्दी ओसरली की नवी बॅच सुरू करतेय, तोवर रोज दहा वाक्यं इथं टाक, मी तपासून देते.